तिसऱ्या दुर्बिणीचा दोष

एकदा एका उंच पठारावर एक वृद्ध आचार्य आणि त्यांचा एक शिष्य ताऱ्यांचे वेध घेत असत. जुन्या गोष्टींत अशी माणसे नदीकाठी पर्णकुटीत राहतात. हे दोघे पत्र्याच्या छपराच्या लांबट इमारतीत राहत, पावडरीच्या दुधाचा चहा पीत आणि लोक कामाला लागले की झोपत. तेवढा फरक सोडला तर गोष्ट जुन्यासारखीच आहे. त्या दोघांची नावे मी सांगणार नाही, कारण त्यांच्या जागी कोणीही असू शकतो. शिष्याच्या जागी तर मी स्वतः अनेकदा उभा राहिलो आहे. पण गोष्टीत तिसरे एक माणूस आहे, द्वारकाबाई सोनटक्के. त्यांचे नाव एका वहीत भलत्याच कारणासाठी लिहिले गेले, म्हणून ते एकदा तरी नीट छापले जावे अशी माझी इच्छा आहे.

आचार्यांचे सारे आयुष्य एका विलक्षण जातीच्या ताऱ्यांमागे गेले होते. हे तारे अतिशय तप्त, निळसर-पांढरे. स्वतःभोवती ते इतक्या वेगाने गरगरतात की मध्यभागी फुगतात, आणि कमरेपाशी त्यांच्या अंगचेच द्रव्य सुटून बाहेर पडते. त्या द्रव्याची ताऱ्याभोवती वायूची चकती तयार होते. काही वर्षे ती राहते, मग विरते, पुन्हा जमते. हे असे का व्हावे, ते अजून पुरते उलगडलेले नाही.

हे तारे इतके दूर की भल्यामोठ्या दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसावा. म्हणून पठारावर तीन दुर्बिणी एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर उभारल्या होत्या. तिघी एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे पाहत आणि तिघींचा प्रकाश नळ्यांतून मधल्या खोलीत आणून एकमेकांत मिसळला जाई. दोघींचा प्रकाश बरोबर जुळला की काळ्या-उजळ पट्ट्या उमटतात, आणि त्या पट्ट्यांवरून ठिपक्याच्या आतला आकार ओळखता येतो. हे जुळणे फार नाजूक. केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्सा इकडेतिकडे झाला तरी पट्ट्या जागा सोडतात, आणि किती सोडली ते अंशांत मोजतात. प्रत्येक दुर्बिणीच्या वाटेवर रुळांवर चालणारी आरशाची एक छोटी गाडी असे. ती पुढेमागे करून तिन्ही वाटा सारख्या लांबीच्या ठेवाव्या लागत.

त्यात पुन्हा हवा. हवा थरथरली की पट्ट्या सरकतात, गाडी चुकली की सरकतात, आणि तारा एका अंगाला वेगळा असला तरीही सरकतात. मग पट्ट्या सरकल्या त्या हवेमुळे, माणसामुळे की ताऱ्यामुळे, हे ओळखायचे कसे?

याचे उत्तर शिष्य दर शनिवारी पाहुण्यांना समजावून सांगे, आणि फार सुरेख सांगे. तीन पाहुण्यांना तो पुढे बोलावी आणि त्यांची मनगटी घड्याळे पाहायला लावी. "पहिल्यांच्या वेळेतून दुसऱ्यांची वेळ वजा करा. दुसऱ्यांच्या वेळेतून तिसऱ्यांची. तिसऱ्यांच्या वेळेतून पहिल्यांची. आता तिन्ही फरकांची बेरीज करा." बेरीज शून्य येई. "आता तिसऱ्यांनी आपलं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे करा." पुन्हा शून्य. "पाहिलंत? ज्याचं घड्याळ चुकतं, त्याची चूक एका फरकात मिळवली जाते आणि दुसऱ्या फरकातून वजा होते. बेरजेत ती उरतच नाही. आमच्या तीन दुर्बिणींचंही असंच. एकीवरची हवा बिघडो, एकीची गाडी चुको, तिन्ही जोड्यांची बेरीज बिघडत नाही. चकती सगळीकडे सारखी असेल तर बेरीज शून्य. शून्य आली नाही, तर ते वाकडेपण ताऱ्याचं. दुर्बिणीचं नाही, माणसाचं नाही."

पाहुणे खूश होत. शिष्यही होई.

तिसरी दुर्बीण पठाराच्या पार टोकाला होती आणि ती एकोणीस वर्षे द्वारकाबाईंकडे होती. दिवस मावळला की त्या घुमट उघडीत, आरशावरची धूळ फुंकून काढीत, गाडी रुळावर नीट बसली आहे ना ते पाहत आणि फोनवर सांगत, "तीन नंबर तयार हाय." शिष्य त्यांना फोनवर "तीन नंबर" असेच म्हणे. त्याच्या मनात अपमान नव्हता. मनात त्या बाईंसाठी कुठलीच जागा नव्हती, हे त्याहून वाईट.

एका हिवाळ्यात आचार्य मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात गेले आणि सहा आठवडे वेधशाळा शिष्याच्या स्वाधीन झाली. पाच वर्षे खपून त्याने एका ताऱ्याचे गणित मांडले होते. त्या गणिताप्रमाणे ताऱ्याची चकती सर्व बाजूंनी सारखी असायला हवी होती. त्यावर त्याची पदवी अवलंबून होती, पुढची नोकरी अवलंबून होती. बेरीज शून्य आली की लेख पूर्ण, एवढेच राहिले होते.

पहिल्याच आठवड्यात बेरीज वीस अंश आली.

त्याने फोन उचलला. "तीन नंबर, तुमच्याकडे काहीतरी बिघडलंय."

"न्हाई साहेब. आरसा बघितला, गाडी बघितली. समदं जागच्या जागी हाय."

"पुन्हा बघा."

"दोनदा बघितलं साहेब." मग जरा थांबून द्वारकाबाई म्हणाल्या, "एक बोलू का? त्या ताऱ्याभवतीचं कडंच एका अंगाला जड असंल तर?"

फोनची ती तार तिन्ही दुर्बिणींना सामाईक होती. पलीकडे कोणीतरी हसले. कोणाला हसले कोण जाणे, पण शिष्याला वाटले, आपल्याला हसले. दहावी शिकलेल्या बाईने आपल्याला ताऱ्याविषयी सांगावे आणि चारचौघांनी ते ऐकावे! त्याचा आवाज चढला. "बाई, तुम्ही आरसे पुसा. ताऱ्याचं आम्ही बघून घेतो."

वेधशाळेत एक नोंदवही होती. रोजच्या नोंदीच्या शेवटी 'दोष' असा रकाना आणि त्यात तीन चौकटी, एक, दोन, तीन. ज्या दुर्बिणीचा दोष तिच्या चौकटीत खूण करायची, पुढे ती सांभाळणाऱ्याचे नाव लिहायचे, खाली सही. शिष्याने तिसऱ्या चौकटीत खूण केली. दुसऱ्या दिवशीही वीस अंश, तिसऱ्या दिवशीही वीस. तिन्ही दिवस त्याच चौकटीत खूण आणि तेच नाव. लागोपाठ तीन नोंदी झाल्या की त्या माणसाला दुर्बिणीवरून हलवायचे, असा तिथला नियम होता. कार्यालयाने पत्र काढले आणि द्वारकाबाईंना अतिथिगृहात गाद्या-उशा पाहायला नेमले.

किल्ली द्यायला त्या आल्या तेव्हा भांडल्या नाहीत. आरसा पुसायचे मऊ कापड घडी करून टेबलावर ठेवीत म्हणाल्या, "टोकाला दव लौकर धरतं. नव्या माणसाला सांगा, पहाटं एकडाव बघत जा म्हणावं." शिष्याने मान वर न करता "बरं" म्हटले.

नवा माणूस आला. बेरीज वीसच राहिली.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवे होते. शिष्य थांबला नाही, त्याने तिसरी दुर्बीणच सदोष ठरवून टाकली आणि तिची सारी मापे वगळली. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. याने तर अंगणच काढून टाकले. उरल्या दोन दुर्बिणी. दोघींत त्रिकोण होत नाही, बेरीज होत नाही, आणि पट्ट्या कितीही सरकल्या तरी ते हवेवर ढकलता येते. त्याने तसे ढकलले आणि लेख लिहिला: चकती सर्व बाजूंनी सारखी आहे.

आचार्य परतले. शिष्याने लेख सहीसाठी पुढे ठेवला. आचार्यांनी तो नव्या डोळ्यांनी सावकाश वाचला आणि विचारले, "तिसरी कुठे गेली?"

"सदोष निघाली, गुरुजी."

"आणि द्वारका?"

"अतिथिगृहात."

आचार्यांनी नोंदवही मागवली. ती तीन पाने त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली. मग वही मिटून ते म्हणाले, "आज तारा वर आला की तिसरीची गाडी चुकीच्या जागी ठेव."

"चुकीच्या?"

"मुद्दाम. थोडी पुढे. बिघडव."

शिष्याला वाटले, भुलीच्या औषधाचा अंमल अजून उतरलेला दिसत नाही. आयुष्यभर गाडी केसभर हलली तर रागावणारे गुरुजी आज ती बिघडव म्हणतात! पण गुरूची आज्ञा. संध्याकाळ सरता सरता तारा वर आला तशी त्याने तिसरीची गाडी अगदी किंचित पुढे ढकलली. समोरच्या पडद्यावर तिसरीच्या दोन्ही जोड्यांच्या पट्ट्या टुणकन सरकल्या, एकीकडच्या डावीकडे, दुसरीकडच्या उजवीकडे.

"बेरीज?" आचार्यांनी विचारले.

"वीस."

"आणखी पुढे ने."

"एकोणीस."

"आता मागे. भरपूर मागे."

"एकवीस." एखाद्या अंशाचा फरक तर प्रत्येक मापात पडतोच. शिष्याचा आवाज खाली आला होता.

"आता तिसरी राहू दे. पहिली बिघडव."

शिष्याचा हात गाडी हलवायच्या कळीवर गेला आणि तिथेच थांबला. मापायची गरज नव्हती. किती येणार ते त्याला माहीत होते. गेले सहा आठवडे माहीत होते. दर शनिवारी घड्याळे घेऊन तो हेच तर सांगत होता, आणि ज्या तीन दिवशी त्याने ती खूण केली त्यांतला एक दिवस शनिवारच होता! दुपारी पाहुण्यांना सांगितले होते, एका दुर्बिणीची चूक बेरजेत उरत नाही, आणि संध्याकाळी त्याच बेरजेसाठी एका दुर्बिणीवरच्या बाईंना दोषी धरले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याचे कान तापले, मग मान, मग सारा चेहरा. खोलीत अंधार होता हे बरे, असे त्याच्या मनात आले, आणि तसे मनात आल्याचीही त्याला लाज वाटली.

आचार्य हळू आवाजात बोलू लागले. "द्वारकेने आरसा फोडला असता, तर मापच आलं नसतं. तिने गाडी चुकवली असती, तर बेरजेत ते दिसलंच नसतं. म्हणजे बेरीज वीस आली, हीच ती निर्दोष असल्याची साक्ष होती. तू त्याच साक्षीवर तिला शिक्षा दिलीस. बेरजेचं गणित चुकलं असतं तर मी तुला पुन्हा शिकवलं असतं. ते तुझं चुकलेलं नाही. ते वाकडेपण ताऱ्याचं असलं तर तुझी पाच वर्षं पुन्हा मांडावी लागणार होती, आणि तेवढ्यापुरतं तू स्वतःचं ज्ञान बाजूला ठेवलंस. अज्ञानाने झालेली चूक माणूस हसत सांगतो. ज्ञान असून केलेली चूक सांगताना जीभ उचलत नाही. तुझी आज उचलत नाहीये, म्हणून मला अजून तुझी आशा आहे."

ते थोडे थांबले. "आणि माझंही ऐक. ही वही मी आखली आहे. तीन चौकटी केल्या, तिन्ही माणसांसाठी. आपला अंदाजच चुकला असेल, तर ते लिहायला मी वीस वर्षांत जागा ठेवली नाही. तुझ्याआधी आणखी कोणाकोणाची नावं त्या चौकटींत अशीच गेली असतील, हे आता मला शोधावं लागेल." एवढे बोलून आचार्यांनी चष्मा काढला आणि ते बराच वेळ तो पुसत बसले.

शिष्य म्हणाला, "मी नोंद दुरुस्त करतो. कार्यालयाला पत्र देतो." त्याने तिथेच बसून पत्र लिहिले. भाषा चांगली होती. 'फेरतपासणीअंती तिसरी दुर्बीण निर्दोष आढळली आहे. सबब श्रीमती द्वारका सोनटक्के यांना पूर्ववत कामावर घेण्यात यावे.'

आचार्यांनी पत्र वाचले. सही केली नाही, खोडलेही नाही. "हे आधी तिला वाचून दाखव," एवढेच म्हणाले.

सकाळी शिष्य अतिथिगृहाकडे गेला. वाट दोन फर्लांगांची, पण त्याला ती संपू नये असे वाटत होते. द्वारकाबाई अंगणात गाद्यांना ऊन देत होत्या. त्याला पाहून त्यांनी पदर सारखा केला. "साहेब? कोन पाव्हणं येनार हाईत का?"

"नाही." मग त्याने एकोणीस वर्षांच्या कामाला शोभेलशी हाक पहिल्यांदाच मारली. "द्वारकाबाई, एक पत्र आहे. वाचून दाखवायचं आहे."

त्याने वाचले. वाचताना त्याला आपलेच शब्द कोणा दुसऱ्याने लिहिल्यासारखे वाटले. द्वारकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकले. कामावर परत घेण्याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी विचारले, "आढळली मंजे?"

"म्हणजे, तिसरी दुर्बीण ठीक आहे असं दिसून आलं. दोष नव्हता."

"ते मला ठावं हाय. मी इचारते, तुमाला कवा आढळली? आता कळलं व्हय?"

उत्तर सोपे होते. 'हो, काल कळलं.' त्याला कोणी खोटे म्हटले नसते, कालच्या मापांचे कागद साक्षीला होते. बाईंनीही मान डोलावली असती, आणि झाले गेले म्हणून सारे मिटले असते. शिष्याने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"नाही," तो म्हणाला. "आधीच माहीत होतं. ज्या दिवशी वहीत लिहिलं, त्या दिवशीही माहीत होतं. तुमच्या चुकीने ते आकडे येऊच शकत नव्हते. मी तसं पाहिलं नाही, कारण मला पाहायचं नव्हतं. आणि तारा तुम्ही म्हणालात तसाच आहे. एका अंगाला जड."

द्वारकाबाई गादीच्या कडेवर बसल्या. रागावतील, रडतील, काहीतरी बोलतील, म्हणून तो उभा राहिला. त्या त्याच्याकडे न पाहता बोलल्या.

"मला वाटलं, माजंच कायतरी चुकलं. तुमी शिकल्याली मानसं, उगं कशाला लिवशीला. ह्या सा हप्त्यांत रोज पडल्या पडल्या मनात घुमट उघडते. आरसा फुकते, गाडी बघते. कुटं ऱ्हायलं, कुटं ऱ्हायलं, म्हनून समदं पयल्यापासनं बघते. कायबी सापडंना. मग वाटाया लागलं, आता आपल्याला दिसंना झालं. एकोणीस वरसांत हातांवर माजा भरवसा व्हता, साहेब. त्यो तेवढा तुमी नेला."

 त्यांना दुर्बिणीवरून हलवले एवढाच आपला अपराध, असे समजून शिष्य आला होता. त्यांची किल्ली परत देता येत होती. सहा आठवडे एका माणसाला स्वतःच्या हातांविषयी शंका घेत झोपायला लावले, ते कोणत्या पत्राने परत देणार? त्याची मान जी खाली गेली ती वर येईना.

द्वारकाबाई दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. शिष्याला त्यांनी क्षमा केली की नाही, हे मला ठाऊक नाही. त्याने विचारले नाही, आणि त्याने ते विचारले नाही हे मला आवडले. लेख त्याने फाडला आणि पाच वर्षांचे गणित पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडायला घेतले. पत्र मात्र वाचून दाखवले त्याच दिवशी गेले. कार्यालयाच्या फळ्यावर त्याची प्रत लागली ती सगळ्यांनी वाचली, तिन्ही दुर्बिणींवरच्या माणसांनी आणि शनिवारच्या पाहुण्यांनीही. त्यात 'फेरतपासणीअंती' आणि 'आढळली आहे' हे शब्द खोडलेले होते. वर त्याच शाईने, त्याच अक्षरात लिहिले होते, 'होती, व हे मला तेव्हाही माहीत होते.'

'आढळले', 'दिसून आले', 'लक्षात आले' असे आपण किती सहज लिहितो. लिहिण्यापूर्वी एकदा स्वतःला खाजगीत विचारावे, कधी?